आशाताईला मुन्शी करू नका

काशीत दशाश्वमेधाकडून दक्षिणेला, म्हणजे गंगेच्या प्रवाहाच्या उलट दिशेने चालू लागले की अहिल्याबाई घाटाला लागूनच मुन्शी घाट येतो. नागपूरकर भोसल्यांच्या दरबारातील श्रीधर मुन्शी यांच्या नावाने हा घाट ओळखला जातो. होळकरांच्या अहिल्याबाईंचा घाट आणि त्याला खेटून भोसल्यांच्या मुन्शींचा घाट, असा हा मराठी नावांचा गंगाकाठ आहे. मुन्शी म्हणजे लेखनिक. पत्रे लिहावीत, हिशेब ठेवावेत, मुलुखातली खबर दरबारापर्यंत पोहोचवावी, हे त्याचे काम. राज्य चालवायचे तर मुन्शी हवाच. परंतु त्याने कितीही नेटकी नोंद केली, तरी तापाने फणफणलेल्या मुलाच्या कपाळावर हात ठेवायला दुसरे कोणी तरी लागते.

ग्रामीण आरोग्यसेवेत ही जुनी विभागणी आज पुसट होऊ लागली आहे. घाटांची ही रांग मागे टाकून, शहर ओलांडून चोलापूर, सेवापुरी, आराजीलाईन अशा वाराणसीच्या ग्रामीण विकासखंडांत गेले की तिथे ‘आशा बहू’ भेटते. महाराष्ट्रात तिलाच ‘आशाताई’ म्हणतात. नात्याचा शब्द बदलतो, काम तेच राहते. गरोदर स्त्रीची नोंद करायची, तिला तपासणीला न्यायचे, बाळंतपणाच्या वेळी सोबत करायची आणि बाळ घरी आल्यावर ठरलेल्या दिवशी जाऊन त्याला पाहायचे. २००५ साली राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानाबरोबर साधारण हजार लोकवस्तीमागे एक या हिशेबाने तिची नेमणूक सुरू झाली. आज देशभरात अशा सुमारे दहा लाख स्त्रिया आहेत आणि त्यांच्या हाती आता फोन आला आहे.

हा फोन परिचारिकेचे उपकरण आहे की मुन्शीची लेखणी, हा प्रश्न वरवर किरकोळ वाटतो; पण माता आणि बालकांच्या आरोग्यासाठी मोबाईल वापरण्याच्या सगळ्या योजनांचे यशापयश त्याच्या उत्तरावर अवलंबून आहे. फोनने किती माहिती गोळा केली हे त्याच्या उपयुक्ततेचे माप धरता येणार नाही. बाळाच्या आणि आईच्या शेजारी उभ्या असलेल्या बाईला योग्य क्षणी योग्य निर्णय घ्यायला त्याने किती मदत केली, हेच खरे माप.

उशीर कुठे होतो?

नमुना नोंदणी पद्धतीच्या २०१८ ते २०२० या काळातील आकड्यांनुसार भारतात एक लाख जिवंत जन्मांमागे ९७ मातांचा मृत्यू होत होता. महाराष्ट्रात हा आकडा ३३ होता, तर उत्तर प्रदेशात १६७. एकाच देशात, एकाच काळात, पाचपट अंतर. जीवशास्त्र दोन्हीकडे सारखेच असल्यामुळे या अंतराचे स्पष्टीकरण वेळ, अंतर, पैसा आणि व्यवस्था यांतच शोधावे लागते.

सेरीन थॅडियस आणि डेबोरा मेन यांनी १९९४ साली मातामृत्यूंच्या कारणांची जी मांडणी केली, ती आजही उपयोगी पडते. त्यांनी तीन उशीर सांगितले. पहिला उशीर घरात होतो: काहीतरी बिनसले आहे हे ओळखण्यात आणि दवाखान्यात न्यायचे ठरवण्यात. दुसरा वाटेत होतो: वाहन, रस्ता, पैसा. तिसरा दवाखान्यात पोहोचल्यावर होतो: डॉक्टर नाही, रक्त नाही, औषध नाही. प्रसूतीनंतरचा जोरदार रक्तस्राव दोनएक तासांत जीव घेऊ शकतो. त्यामुळे इथे प्रत्येक मिनिटाला किंमत आहे.

या तीन उशिरांपुढे फोन ठेवून पाहावा. दुसऱ्या उशिरावर त्याचा परिणाम कोणालाही दिसतो. १०८ किंवा १०२ क्रमांक फिरवून रुग्णवाहिका बोलावता येते. तिसऱ्या उशिरावर त्याची ताकद मर्यादित आहे. निघण्यापूर्वी दवाखान्याला कळवता येते, पण जिथे भूलतज्ज्ञच नाही तिथे फोन भूल देऊ शकत नाही. खरा वाद पहिल्या उशिराबद्दल आहे. घरातल्या माणसांना धोका ओळखता यावा म्हणून फोन काय करू शकतो?

संदेश कोणाच्या कानावर पडतो?

या प्रश्नाचे सर्वांत मोठे भारतीय उत्तर म्हणजे ‘किलकारी’. बिहारमध्ये सुरू झालेली ही सेवा केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने जानेवारी २०१६ मध्ये राष्ट्रीय पातळीवर नेली. उत्तर प्रदेश पहिल्या राज्यांमध्ये होता. गरोदरपणाच्या चौथ्या महिन्यापासून मूल एक वर्षाचे होईपर्यंत दर आठवड्याला एक, असे एकूण ७२ ध्वनिमुद्रित संदेश त्या कुटुंबाच्या फोनवर जातात. वाचता न येणाऱ्या स्त्रीलाही ऐकता येते आणि साधा बटणांचा फोनही पुरतो, हे या रचनेतले शहाणपण निर्विवाद आहे.

पण संदेश पाठवला म्हणजे तो पोहोचला असे होत नाही. क्लॉड शॅनन यांनी १९४८ साली संदेशवहनाचा जो सिद्धांत मांडला, त्यात पाठवणारा, वाहिनी, गोंगाट आणि ग्रहण करणारा असे सगळे टप्पे आहेत. वाहिनी उत्तम असूनही ग्रहण करणारा जागेवर नसेल, तर पोहोचलेली माहिती शून्यच. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, २०१९ ते २०२१ या काळात, १५ ते ४९ वयोगटातील ५४ टक्के भारतीय स्त्रियांकडे स्वतः वापरता येईल असा फोन होता. महाराष्ट्रात हे प्रमाण ५४.८ टक्के होते आणि उत्तर प्रदेशात ४६.५ टक्के. म्हणजे उत्तर प्रदेशातल्या निम्म्याहून अधिक स्त्रियांसाठी ‘घरातला फोन’ याचा अर्थ नवऱ्याचा, सासऱ्याचा किंवा दिराचा फोन असा होतो.

पूर्वांचलात याला आणखी एक पदर आहे. तिथला कर्ता पुरुष कामासाठी मुंबईला, भिवंडीला, सुरतेला असतो आणि नोंदवहीत लिहिलेला क्रमांक अनेकदा त्याचाच असतो. मग बायकोने लोहाच्या गोळ्या कधी घ्याव्यात हे सांगणारा आवाज यंत्रमागाच्या खडखडाटात वाजतो. महाराष्ट्रात वेगळी अडचण आहे. पहिलटकरीण बाळंतपणाला माहेरी जाते, तिची नोंद सासरच्या गावी राहते, आणि नेमक्या निकडीच्या आठवड्यांत तिचा माग सुटतो. संगणकाच्या लेखी क्रमांक म्हणजे व्यक्ती. समाजाच्या लेखी तसे नाही.

मध्य प्रदेशातील चार जिल्ह्यांत किलकारीची यादृच्छिक चाचणी झाली आणि तिचे निष्कर्ष २०२२ साली प्रसिद्ध झाले. पाच हजारांहून थोड्या अधिक गरोदर स्त्रियांची चिठ्ठ्या टाकल्यासारखी दोन गटांत विभागणी केली होती. एका गटाला संदेश गेले, दुसऱ्याला गेले नाहीत. निव्वळ स्तनपानाच्या प्रमाणात दोन्ही गटांत म्हणण्यासारखा फरक आढळला नाही. आधुनिक तात्पुरत्या गर्भनिरोधक साधनांचा वापर मात्र संदेश मिळालेल्या गटात ३.७ टक्क्यांनी अधिक होता.

विद्यार्थ्यांनी या निकालाकडे नीट पाहावे, कारण त्यात दोन धडे आहेत. पहिला धडा चाचणीच्या पद्धतीचा. नुसत्या संदेश ऐकणाऱ्या स्त्रिया घेऊन त्यांची न ऐकणाऱ्यांशी तुलना केली असती, तर परिणाम बहुधा कितीतरी मोठा दिसला असता. नियमित ऐकणाऱ्या घरात फोन असतो, शिक्षण असते, दोन पैसे असतात, आणि या गोष्टी आरोग्य आधीच सुधारत असतात. चिठ्ठ्या टाकून विभागणी केल्याखेरीज हा गुंता सुटत नाही. दुसरा धडा मर्यादेचा. ही चाचणी ज्यांना फोन उपलब्ध होता अशाच स्त्रियांवर झाली. ज्यांच्यापर्यंत फोनच पोहोचत नाही आणि ज्यांना धोका बहुधा सर्वाधिक आहे, त्या मुळातच बाहेर राहिल्या. कोट्यवधी कुटुंबांपर्यंत स्वस्तात जाणाऱ्या सेवेने एका सवयीत थोडा बदल घडवणे हेही मोलाचे आहे. परंतु ‘संदेश गेला, काम झाले’ असे म्हणायला हा निकाल परवानगी देत नाही. स्तनपान नीट होण्यासाठी बहुधा कानावर पडणाऱ्या आवाजापेक्षा शेजारी बसून बाळ कसे धरायचे ते दाखवणारी बाई लागते.

या आठवड्यात कोणाला फोन करायचा?

मुंबईतील ‘अरमान’ या डॉ. अपर्णा हेगडे यांनी स्थापन केलेल्या संस्थेने हीच अडचण दुसऱ्या बाजूने हाताळली. तिच्या ‘एममित्र’ सेवेतही ध्वनिमुद्रित संदेश जातात आणि तिथेही काही स्त्रिया हळूहळू ऐकणे सोडून देतात. अशा स्त्रीला एखाद्या कार्यकर्तीने प्रत्यक्ष फोन करून दोन शब्द बोलले तर ती परत ऐकू लागण्याची शक्यता असते. परंतु कार्यकर्त्या थोड्या आणि माता हजारो. मग या आठवड्यात कोणाला फोन करायचा?

गणितात या प्रकारच्या प्रश्नाला ‘अस्वस्थ बहुभुज जुगारयंत्र’ अशा अर्थाचे नाव आहे. अनेक दांड्या असलेले जुगाराचे यंत्र समोर आहे, दर वेळी मोजक्याच दांड्या ओढता येतात, आणि न ओढलेल्या दांड्यांची स्थितीही मधल्या काळात बदलत राहते. पीटर व्हिटल यांनी १९८८ साली यासाठी एक निर्देशांक सुचवला: प्रत्येक दांडी आत्ता ओढली तर किती अधिक लाभ होईल याचा अंदाज बांधायचा आणि त्या क्रमाने पुढे जायचे. मिलिंद तांबे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ही पद्धत एममित्रसाठी वापरली. सुमारे २३ हजार मातांवर झालेल्या आणि २०२२ साली मांडलेल्या क्षेत्रीय अभ्यासात, ऐकणे सोडण्याचे प्रमाण नेहमीच्या पद्धतीच्या तुलनेत सुमारे ३० टक्क्यांनी घटल्याचे दिसले.

या प्रयोगात कृत्रिम बुद्धिमत्तेचा उपयोग कुठे झाला, ते बारकाईने पाहण्यासारखे आहे. मातेशी बोलण्याचे काम यंत्राने घेतले नाही. ‘आज हिला फोन कर’ एवढेच त्याने एका माणसाला सांगितले. थोडा वेळ आणि पुष्कळ गरज यांच्यातली निवड सोपी केली आणि पुढचे बोलणे बाईवर सोपवले. अर्थात ऐकणे टिकले म्हणजे आरोग्य सुधारले असे नव्हे. ती पायरी पुढे वेगळी तपासावी लागते. पण दिशा योग्य आहे, कारण इथे माहिती वरून खाली, काम करणाऱ्या हातापर्यंत आली.

मणी आणि वाळूची घडी

ज्या नागपूर दरबाराच्या मुन्शींचे नाव काशीच्या घाटाला मिळाले, त्याच दरबाराच्या अमलाखालील चांदा मुलुखाचा एक भाग म्हणजे आजचा गडचिरोली जिल्हा. मातांच्या आणि बाळांच्या शेजारी उभ्या असलेल्या बाईला काय लागते, याचे भारतातले सर्वांत सकस उत्तर तिथून आले आहे.

डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने १९९५ ते १९९८ या काळात ३९ गावांत नवजात बाळांच्या घरगुती काळजीचा प्रयोग केला आणि ४७ गावे तुलनेसाठी ठेवली. योगायोगाने भारतातला पहिला मोबाईल संवादही १९९५ सालच्याच जुलैतला. गडचिरोलीच्या जंगलापर्यंत तो यायला बराच अवकाश होता. गावातल्याच थोड्या शिकलेल्या स्त्रियांना बाळाचे वजन करणे, ताप मोजणे, ऊब देणे, जंतुसंसर्ग ओळखणे आणि त्यावर प्रतिजैविक देणे शिकवले गेले. प्रयोगाच्या गावांतील नवजात मृत्युदर हजारी ६२ वरून तिसऱ्या वर्षी २५.५ वर आला; तुलनेच्या गावांच्या संदर्भात ही घट सुमारे ६२ टक्के होती. डिसेंबर १९९९ मध्ये ‘द लॅन्सेट’ने हा अभ्यास छापला, आणि २०११ पासून आशांच्या घरभेटींचा जो राष्ट्रीय कार्यक्रम राबवला जातो त्यामागे ही प्रेरणा आहे.

याच संस्थेने घडवलेले एक साधन भौतिकशास्त्राच्या कोणत्याही विद्यार्थ्याने पाहावे असे आहे. न्यूमोनिया झालेले बाळ जलद श्वास घेते. दोन महिन्यांच्या आतील बाळाचे मिनिटाला ६० किंवा अधिक, आणि दोन महिने ते एक वर्ष या वयात ५० किंवा अधिक श्वास हे धोक्याचे लक्षण मानतात. पण जी सुईण मोठ्या संख्या मोजू शकत नाही तिने काय करावे? तिच्यासाठी तारेत ओवलेले मणी आणि एका मिनिटाची वाळूची घडी असे श्वासमापक तयार झाले. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. वाळू संपण्याआधी मणी धोक्याच्या खुणेपर्यंत पोहोचला तर उपचार सुरू करायचा. या साधनाची कुठेही नोंद जात नाही, त्याला वीज लागत नाही; मोजमाप आणि निर्णय एकाच जागी, एकाच मिनिटात होतात.

महाराष्ट्राच्या सीमेवर, बेळगाव भागातील खेड्यांतही असेच घडले. प्रसूतीनंतर किती रक्त गेले याचा डोळ्यांनी केलेला अंदाज नेहमी कमी पडतो. तिथल्या संशोधकांनी खुणा असलेल्या प्लास्टिकच्या पिशवीसारखे एक आच्छादन वापरले. रक्त त्यात साठते आणि किती मिलिलिटर झाले ते थेट वाचता येते. परिचारिकांनी सांभाळलेल्या १,६२० बाळंतपणांच्या त्या चाचणीत मिसोप्रोस्टॉलच्या गोळ्यांनी अतिरिक्त रक्तस्रावाचे प्रमाण १२ टक्क्यांवरून ६.४ टक्क्यांवर आले. हा अभ्यास २००६ साली प्रसिद्ध झाला. पुढे २०२३ साली आफ्रिकेतील चार देशांत झालेल्या मोठ्या चाचणीत असे खुणांचे आच्छादन आणि त्याला जोडून ठरलेले उपचार यांच्यामुळे गंभीर परिणाम ६० टक्क्यांनी घटले.

मणी, वाळू, खुणांची पिशवी. मोबाईलच्या चर्चेत ही साधी साधने आणण्याचे कारण एवढेच की फोनची स्पर्धा यांच्याशी आहे. ज्या उपकरणात कॅमेरा, घड्याळ, ध्वनिग्राहक आणि गणकयंत्र एकत्र आहेत, त्याने आशाताईच्या हातात किमान त्या मण्यांच्या तोडीचे काम करायला हवे.

टेकू आणि ओझे

तसे काम फोन करू शकतो, याचे दाखले आहेत. उत्तर प्रदेशात प्रयागराजलगतच्या कौशांबी जिल्ह्यात २०१२ पासून आशांना एक साधे मोबाईल साधन देण्यात आले. घरभेटीत काय विचारायचे आणि काय सांगायचे, धोक्याची लक्षणे कोणती, हे चित्रांनी आणि आवाजाने फोनच तिला सुचवत असे. नंतरच्या मूल्यमापनात लोहाच्या गोळ्यांचे प्रमाण आणि गुंतागुंत ओळखून सांगण्याचे प्रमाण वाढलेले दिसले. गुजरातमध्ये झगडियाच्या ‘सेवा रूरल’ संस्थेने ‘इमटेको’ नावाचा असाच प्रयोग आदिवासी भागात केला. गुजरातीतला टेको म्हणजे मराठीतला टेकू. आज कोणाच्या घरी जायचे याची यादी आशाच्या फोनवर येते, भेटीसाठी प्रश्न आणि चित्रफिती तिथेच असतात, आणि प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या लोकांना कोणती आशा कुठे अडली आहे ते दिसते. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत बाळंतपणानंतरच्या घरभेटी वाढल्याचे आढळले. दोन्हीकडे यशाचे सूत्र एकच दिसते. फोनने बाईला टेकू दिला आणि तिच्या मागे एक जागी व्यवस्था उभी केली.

याच्या उलटही घडते. ऑगस्ट २०२१ मध्ये महाराष्ट्रातल्या अंगणवाडी सेविकांनी सरकारने दिलेले मोबाईल परत करण्याचे आंदोलन केले. फोनची स्मृती तोकडी आहे, तो सारखा अडकतो, दुरुस्तीचा खर्च आपल्या गळ्यात पडतो, आणि ‘पोषण ट्रॅकर’मध्ये मराठीची सोय नाही, अशा त्यांच्या तक्रारी होत्या. खेड्यातल्या बालकाचे वजन मराठीत मोजणाऱ्या सेविकेने ते इंग्रजीत भरावे, अशी अपेक्षा करणारी रचना कोणाच्या सोयीसाठी झाली असेल, हे सांगायला तज्ज्ञ नको. ती दरबाराच्या सोयीची होती.

थोडे गणित मांडून पाहू. हजार लोकवस्तीत वर्षाला वीस जन्म धरले आणि दवाखान्यात झालेल्या प्रत्येक बाळंतपणानंतर ४२ दिवसांत नियमाप्रमाणे सहा भेटी धरल्या, तर एका आशाच्या वाट्याला वर्षाला १२० भेटी येतात. समजा, प्रत्येक भेटीमागे माहिती भरण्यात दहा मिनिटे अधिक गेली. मग एका आशाचे वर्षाचे २० तास आणि दहा लाख आशांचे दोन कोटी तास होतात. कागदी नोंदवही बंद न करता वर फोनवरची नोंद चढवली, तर हे तास बाळाकडे पाहण्याच्या वेळेतूनच वजा होतात. आणि आशाला पगार नसतो, ठरलेल्या कामांमागे मोबदला मिळतो. ज्या कामाची नोंद होते त्याचेच पैसे मिळतात, तेव्हा नोंद हेच काम होऊन बसते आणि ज्याची नोंद होत नाही ते धीराचे दोन शब्द, बाळ छातीशी धरायला शिकवण्याची अर्धी घटका, हळूहळू मागे पडते.

मोजणे हवेच, पण कोणासाठी?

यावर रास्त आक्षेप असा की, आकडे वर गेले नाहीत तर लसी किती पाठवायच्या, रक्तपेढी कुठे हवी, कोणता तालुका मागे आहे, हे सरकारला कळणार कसे? आक्षेपात तथ्य आहे. मोजले जात नाही ते दिसत नाही. २००१ साली ‘कोवळी पानगळ’ या अहवालाने हेच दाखवले होते: सरकारी नोंदींत येत होते त्यापेक्षा महाराष्ट्रातले प्रत्यक्ष बालमृत्यू कितीतरी अधिक होते. जे मृत्यू कोणी लिहिलेच नाहीत, त्यांच्यावर उपाय तरी कोण करणार? म्हणून मुन्शीचे काम हलके नाही. फक्त ते मुन्शीने करावे, त्यासाठी तालुक्याच्या ठिकाणी माणूस नेमावा. सहा भेटींमागे अडीचशे रुपये ज्या बाईला मिळतात तिच्या खांद्यावर राज्याचा सगळा हिशेब टाकू नये.

शिवाय ‘कोवळी पानगळ’च्या मोजणीत आणि आजच्या अनेक फलकांवरच्या आकड्यांत एक फरक आहे. ती मोजणी प्रश्न विचारण्यासाठी झाली होती, आणि तिचे उत्तर जिथून आकडे आले त्या गावांपर्यंत परत गेले. माहिती वर चढली आणि खालीही उतरली. घाटाच्या पायऱ्या दोन्ही दिशांनी वापरल्या जातात. एकाच दिशेने माणसे जाऊ लागली तर घाट रिकामा पडेल.

म्हणून माता-बालकांच्या आरोग्यासाठी यापुढे येणाऱ्या प्रत्येक मोबाईल योजनेला चार प्रश्न विचारावेत, आणि उत्तरे समाधानकारक मिळेपर्यंत तिचे कौतुक लांबणीवर टाकावे. हिच्यामुळे घरात उभ्या असलेल्या आशाचा कोणता निर्णय लवकर होतो? तिने भरलेल्या माहितीच्या बदल्यात तिला, तिच्या भाषेत, एका दिवसाच्या आत काय परत मिळते? ही योजना आल्यावर कोणती जुनी नोंदवही बंद झाली? आणि तुलनेचा गट ठेवून तिची चाचणी झाली का, झाली असल्यास निष्फळ निघालेले भागही छापले का?

हे काम कुणा एका विद्याशाखेचे नाही. संवेदक बनवणारा भौतिकीचा विद्यार्थी, भाषा ओळखणारी प्रणाली लिहिणारा संगणकाचा विद्यार्थी, आणि प्रसूतिशास्त्र शिकणारी विद्यार्थिनी, या सगळ्यांना त्यात जागा आहे. काशी हिंदू विश्वविद्यालयात २०२१ साली शंभर खाटांचा माता-बाल विभाग सुरू झाला; मुन्शी घाटापासून तो काही किलोमीटरवर आहे. गावातून निघालेली बाई तिथे वेळेवर पोहोचणार की नाही, हे मात्र बरेच आधी, एखाद्या मातीच्या घरात, संध्याकाळच्या उजेडात ठरलेले असते. तिथे बाळाचा श्वास मोजणारी आशा बहू असते. त्या मिनिटात तिची नजर बाळाच्या छातीवर राहील असा फोन जो कोणी घडवेल, त्याने खरे संशोधन केले असे म्हणता येईल.